मंगळवारचा चौथा तास : शाळा व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
तसेच मुख्याध्यापक

विषय : नव्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाच्या तासिका बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तिसरा तास चालू असताना शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गाच्या दारात आले. फळ्यावर उदाहरण अर्धवट होतं, हातात खडू होता. दारालाच वही टेकवून मी सूचना वाचली. ज्येष्ठ शिक्षकांना नव्या शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी आठवड्याला दिल्या जाणाऱ्या दोन तासिका पुढच्या सत्रापासून बंद होणार, त्या तासिका ऑफ तासांसाठी, म्हणजे रजेवर असलेल्या शिक्षकांचे वर्ग सांभाळण्यासाठी, वापरल्या जाणार आणि मार्गदर्शन यापुढे 'सवडीनुसार करावे', असं तिच्यात होतं. खाली सह्यांची रांग होती. मीही सही केली. ती सही वाचल्याची होती, मान्य असल्याची नव्हती. वहीत त्याहून जास्त लिहायला जागा नव्हती, म्हणून हे पत्र.

पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण ही गोष्ट फक्त आपल्या शाळेची नाही. नवा शिक्षक आला की त्याला वर्ग दाखवायचा, हजेरीपट हातात द्यायचा आणि दार ओढून घ्यायचं, हे असंख्य शाळांत चालतं. आपली शाळा तसं करत नव्हती. पालकांनाही हे कळायला हवं, कारण त्या दारामागे त्यांचीच मुलं बसलेली असतात.

या सत्राच्या सुरुवातीला मी आपल्या शाळेत रुजू झाले. त्याआधी नऊ वर्षं दुसरीकडे शिकवत होते. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला वर्गावर पाठवायची घाई केली नाही. आधी स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्यांशी ओळख करून दिली. मग कपाटाची किल्ली दिली आणि तिच्यासोबत एक वही. वही माझ्याआधी गणित शिकवणाऱ्या बाईंची होती. त्यांनी शाळा सोडताना ती माझ्यासाठी, म्हणजे कोण येणार हे ठाऊक नसताना येणाऱ्या कुणासाठी तरी, लिहून ठेवली होती. पहिल्या पानावर पेन्सिलीने वर्गाची बैठक काढलेली. पुढे एकेका मुलासाठी दोन-चार ओळी. 'याला फळ्यावरचं नीट दिसत नाही, पण सांगायला लाजतो. पुढे बसवा, कारण विचारू नका.' 'हिला तोंडी सगळं येतं, लिहिताना अडते. वेळ द्या.' 'हा चुकला की पान फाडतो. चूक तशीच ठेवायची सवय लागते आहे, सांभाळा.' अख्ख्या वहीत मठ्ठ, व्रात्य, आळशी असा एकही शब्द नव्हता. ती वही मी त्या रात्री दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल ठेवलं तेव्हा निम्मी मुलं माझ्या ओळखीची होती.

ज्यांनी ती वही लिहिली त्या बाईंना मी अजून भेटलेले नाही. त्यांचे आभार इथेच मानते. मामांचेही मानते. कोणत्या वर्गाचा पंखा कोणत्या बटणावर चालतो आणि कोणत्या मुलीला न्यायला उशिरा येतात म्हणून शाळा सुटल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. आणि मनापासून आभार मानते ते माझ्या मार्गदर्शक बाईंचे. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपण काय बंद करायला निघाला आहात ते त्याशिवाय कळणार नाही.

मंगळवारचा चौथा तास आणि शुक्रवारचा दुसरा तास त्यांचा आणि माझा. मंगळवारी त्या माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसतात, शुक्रवारी आम्ही दोघी त्यावर बोलतो. तिसऱ्या आठवड्यात सहावीला अपूर्णांक चालू होते. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असा प्रश्न मी विचारला. वर्ग गप्प. मग मीच उत्तर दिलं, समजावून सांगितलं आणि पुढे गेले. तास बरा झाला असं मला वाटलं होतं. शुक्रवारी बाई म्हणाल्या, "एक सांगू का? तुम्ही प्रश्न विचारता आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही तुम्हीच देता. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजून बघा."

पुढच्या मंगळवारी मी मोजलं. एक, दोन, तीन. ती शांतता सहन होत नव्हती. चारवर असताना तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. ती मुलगी तोवर माझ्या तासाला एकदाही बोलली नव्हती. ती म्हणाली, "चार जणांत वाटलं तर वाटा लहान होणार ना, मग चौथा हिस्सा लहान." चार तिनापेक्षा मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा, असं बरोबर उलटं उत्तर बाकीच्यांच्या मनात होतं, आणि त्या एका वाक्याने ते सरळ झालं. मी नऊ वर्षं अपूर्णांक शिकवत आले. इतकं साधं कारण माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं.

नंतर वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहून कमी थांबत. तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले की मुलांची उत्तरं लांबत, आपणहून बोलणारी मुलं वाढत, 'माहीत नाही' म्हणणारी घटत. म्हणजे हे ज्ञान माझ्या पहिल्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून होतं. माझ्यापर्यंत पोचायला कुणीतरी शेवटच्या बाकावर येऊन बसावं लागलं. नऊ वर्षांत तसं कुणी बसलं नव्हतं. तपासायला आलेले होते. त्यांनी टाचणवही पाहिली, शेरा लिहिला आणि गेले.

माझी पहिली शाळा कशी होती तेही सांगते. नाव घेत नाही, तिथल्या माणसांवर माझा राग नाही. रुजू झाले त्या दिवशी खडूची पेटी आणि हजेरीपट मिळाला, "वर्ग जरा सांभाळा" असं सांगण्यात आलं. जी तुकडी कुणालाच नको होती ती माझ्या वाट्याला आली. तीन वेगवेगळ्या इयत्ता, सगळ्यांत जास्त ऑफ तास आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारीही माझ्याचकडे, कारण मी नवी. कुणाला काही विचारायचं तर आधी त्यांचा चेहरा वाचायचा. माझ्यासोबत आणखी एक जण रुजू झाली होती. रात्री जागून ती पुठ्ठ्याचे अंक कापायची, मुलांना हातात धरून बेरीज कळावी म्हणून. शिकवण्याची जाण तिला माझ्यापेक्षा जास्त होती. वर्ग मात्र आवरायचा नाही. ते कसं करायचं हे तिला कुणी दाखवलं नाही आणि विचारलं तर आपण कमी पडतोय असं दिसेल, या भीतीने तिनेही विचारलं नाही. दुसऱ्या सत्रात तिने नोकरी सोडली, नंतर शिकवणंच सोडलं. जाताना अंकांचा गठ्ठा मला देऊन गेली. तो अजून माझ्या कपाटात आहे.

ती अपवाद होती असं मला तेव्हा वाटायचं. सायमन वेनमन या डच संशोधकाने १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या नवशिक्षकांवरचे ८३ अभ्यास एकत्र तपासले. नव्या शिक्षकाला सर्वात जास्त भेडसावणारी अडचण कोणती, तर वर्गातली शिस्त. त्याखालोखाल मुलांमध्ये गोडी निर्माण करणं, प्रत्येकाच्या वेगळेपणाला पुरं पडणं, मुलांचं काम तपासणं, पालकांशी नातं. माझ्या मैत्रिणीची यादी जणू कुणी तिला न विचारताच लिहून ठेवली होती. आणि आज गळती किती आहे? युनेस्कोच्या आकड्यांनुसार जगभरात प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ९ टक्क्यांच्या घरात गेलं. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत. त्यात नव्या वर्गांसाठीचे आहेत, तसे सोडून गेलेल्यांच्या जागी भरायचेही आहेत. ऑफ तास वाढलेत म्हणून आपण मार्गदर्शनाच्या तासिका काढून घेत आहात. त्या काढल्याने नवी माणसं टिकली नाहीत, तर ऑफ तास आणखी वाढतील.

आता माझे आक्षेप मांडते.

सूचनेतला 'सवडीनुसार' हा शब्द मला सर्वात जास्त खटकला. सवड कुणाकडे आहे? माझ्या मार्गदर्शक बाईंकडे तीन तुकड्या आहेत, त्यांच्या वह्यांचे ढीग टेबलावर माझ्या खांद्याला लागतात. वेळापत्रकात तास होता तेव्हा मी त्यांच्याकडे हक्काने जात होते. 'आज माझा तास बिघडला, का ते कळत नाही' हे वाक्य मी न संकोचता बोलू शकत होते, कारण तो वेळ शाळेने त्याच कामासाठी ठेवला होता. तास गेला की हीच मदत उपकार होते. त्या नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या शाळा सुटल्यावर थांबतील, घरी उशिरा जातील, आणि ते दिसत असताना मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तिसऱ्यांदा तर नाहीच. मी नऊ वर्षं काढलेली बाई आहे, मी कसंही निभावेन. पुढच्या सत्रात दोन जण पदवी घेऊन थेट रुजू होणार आहेत. ती काय करतील?

दुसरं असं की हा निर्णय घेताना ज्यांच्यासाठी या तासिका होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही पाच जण नवे आहोत. पाच जणांना बोलावून अर्धा तास ऐकलं असतं तरी पुरलं असतं.

आणखी एक. सूचनेत म्हटलं आहे की मार्गदर्शनाचा 'अहवाल' मात्र ज्येष्ठ शिक्षकांनी सत्राअखेर द्यावा. तास काढून घेतला आणि अहवाल ठेवला, याचा अर्थ आम्हाला सांभाळून घेणारी व्यक्ती आता आमचा हिशेब लिहिणारी होणार. मी बाईंना माझी चूक सांगते, कारण ती त्यांच्यापाशीच राहते. ती गोपनीय अहवालात जाणार असेल तर मी फक्त चांगले झालेले तास सांगेन, आणि चांगल्या झालेल्या तासांवर बोलून कुणी शिकत नाही. इंग्लंडमध्ये नव्या शिक्षकाचा मार्गदर्शक आणि त्याचं मूल्यमापन करणारा या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या माणसांनी पार पाडाव्यात अशी अपेक्षा आहे. त्याचं कारण कोणत्याही शिक्षकाला विचारा, तो सांगेल.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर तासांचंही सांगते. सप्टेंबर २०२१ पासून तिथे नव्या शिक्षकाचा उमेदवारीचा काळ दोन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वेळापत्रकातून १० टक्के तास कमी केले जातात, दुसऱ्या वर्षी ५ टक्के, आणि एक मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. जपानमध्ये १९८९ पासून, आधी प्राथमिक शाळांत आणि मग वरच्या वर्गांत, सरकारी शाळेत रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला पहिलं वर्षभर असं प्रशिक्षण कायद्याने द्यावंच लागतं. तिथलं सगळं चांगलंच आहे असा माझा दावा नाही, तिथले शिक्षकही थकतात. पण नव्या माणसाला वेळ लागतो, एवढं त्यांनी कागदावर मान्य केलं आहे. याहून जुना कागद हवा असेल तर ५ ऑक्टोबर १९६६ ला पॅरिसच्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयी ज्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या त्या पाहा. याच तारखेला १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन पाळला जातो. उमेदवारीचा काळ ही शिक्षकाला उत्तेजन देण्याची आणि कामात नीट रुळवण्याची संधी आहे, असं त्यांत म्हटलं आहे, आणि हे शिक्षक व नेमणूक करणारे अशा दोघांनीही ओळखावं अशी अपेक्षा ठेवली आहे.

आपली अडचण मला कळत नाही असं समजू नका. पाच नवे शिक्षक, आठवड्याला दोन तासिका, म्हणजे दहा तासिका होतात. कुणी रजेवर गेलं की वर्ग मोकळा राहतो, मुलं वऱ्हांड्यात येतात, पालकांचा फोन मुख्याध्यापकांना जातो. तो ताण मी पाहिला आहे. म्हणून सगळंच जसंच्या तसं ठेवा असा हट्ट मी धरत नाही. माझ्यासारख्या, आधी शिकवलेल्या शिक्षकांना पहिल्या सत्रानंतर एक तासिका पुरेल. जे पहिल्यांदाच वर्गावर उभे राहणार आहेत त्यांच्या दोन तासिकांना मात्र हात लावू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत. ही सूचना मागे घ्यावी, आणि पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्या शिक्षकाला पूर्ण वर्षभर आठवड्याला दोन तासिका मार्गदर्शकासोबत मिळाव्यात. त्या छापील वेळापत्रकात दाखवाव्यात आणि अगदीच नाइलाज असल्याशिवाय ऑफ तासासाठी घेऊ नयेत. घेतल्याच तर त्याच आठवड्यात भरून द्याव्यात. मार्गदर्शकाकडून नव्या शिक्षकाविषयी अहवाल मागू नये, मूल्यमापन दुसऱ्याने करावं. उरलेल्या तुकड्या, उरलेले तास आणि उरलेल्या जबाबदाऱ्या एकत्र करून नव्या माणसाच्या गळ्यात घालू नयेत. कामाची वाटणी सर्वांसमोर, सत्र सुरू होण्याआधी व्हावी. रजेच्या जागी काही महिन्यांसाठी येणाऱ्या शिक्षकांनाही हे सगळं लागू असावं. ती थोडे दिवस असतात म्हणून कुणी त्यांना साधं ओळखूनही घेत नाही, आणि त्या थोड्या दिवसांत मुलांचा अख्खा धडा होऊन जातो.

आणि ती वही. माझ्याआधीच्या बाईंनी ती स्वतःच्या मनाने लिहिली. शाळा सोडणाऱ्या किंवा वर्ग बदलणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला अशी वही लिहायला दोन दिवस मोकळे द्यावेत. तिच्यात काय लिहायचं आणि काय नाही हे मात्र आधी ठरवावं लागेल. मुलाला शिकायला कशाची मदत होते ते लिहावं. त्याच्या घरातल्या गोष्टी आणि त्याच्यावर मारलेले शिक्के वहीत येऊ नयेत. ती कुलुपात राहावी आणि ज्याचा वर्ग त्याच्याच हातात जावी. नमुना म्हणून माझ्याकडची वही दाखवायला मी तयार आहे, मुलांची नावं झाकून.

हे सगळं लिहिताना एक शंका मनात होती, ती स्पष्टच सांगते. ज्या शाळेने इतकं दिलं तिच्याचविरुद्ध सत्र संपायच्या आत लिहिणं बरं दिसेल का? स्टाफरूममध्ये एक-दोघांनी तसं सुचवलंही. मी खूप विचार केला. मला जे मिळालं ते एकटीने घेऊन गप्प बसले तर त्या वहीतली पहिली ओळ मला पुन्हा वाचता येणार नाही. तिथे लिहिलं आहे, 'येणाऱ्या बाई किंवा सर, ही मुलं चांगली आहेत, तुम्हाला सोपं जावं म्हणून लिहिते.' पुढच्या सत्रात येणाऱ्या दोघांसाठी मी माझी वही सुरू केली आहे. सध्या तिच्यात अकरा पानं भरली आहेत. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीच्या नावापुढे लिहिलं आहे, 'पाचपर्यंत मोजा.' हे त्यांना वहीतून कळेल. ते मोजताना आपण कुठे घाई करतो, हे त्यांना दाखवायला शेवटच्या बाकावर माणूसच लागेल.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक पक्कं होण्याआधी आम्हा पाच जणांना आणि मार्गदर्शक शिक्षकांना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. मधली सुट्टी चालेल, शाळा सुटल्यावर चालेल, माझ्या मोकळ्या तासालाही मी येईन. फक्त मंगळवारचा चौथा तास सोडून. तो सत्र संपेपर्यंत बाईंचा आणि माझा आहे, आणि या मंगळवारी दशांश अपूर्णांक सुरू होत आहेत.

आपली कृतज्ञ,
या सत्रात रुजू झालेली गणिताची शिक्षिका